३६ हप्ते भरले, ९ लाख गेले आणि मुद्दल उतरलं फक्त १ लाख ९५ हजार. हिशोब बरोबर आहे का?

गोदाकाठी:
नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस वाचतेय पण लिहितेय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याकडे टू बीएचके घेतला. लोन ३० लाख, मुदत २० वर्षं, फ्लोटिंग रेट, मधे थोडा वर-खाली झाला पण साधारण ८.५ टक्केच धरा. ईएमआय २६,०३५. दर महिन्याच्या ५ तारखेला पैसे कटतात एवढंच आम्हाला माहीत, स्टेटमेंट कधी उघडून बघितलंच नव्हतं. परवा मिस्टरांना ऑफिसात टॅक्ससाठी व्याजाचं सर्टिफिकेट द्यायचं होतं म्हणून मी डाउनलोड केलं आणि सोबत आतापर्यंतचा पूर्ण हिशोबही काढला, तर बघते तर काय, ३६ हप्त्यांत आम्ही ९ लाख ३७ हजार भरलेत, त्यातले जवळजवळ ७ लाख ४२ हजार व्याजात गेलेत आणि मुद्दल उतरलंय १ लाख ९५ हजार. म्हणजे अजून २८ लाखांच्या वर देणं आहेच. खरं सांगते रात्रभर झोप नाही लागली. दोघांच्या पगारातून कसे हप्ते काढतो ते आमचं आम्हाला माहीत.

सासरे म्हणतात हे दामदुपटीपेक्षा जास्त होतंय, मुद्दलाच्या दुपटीवर सावकारालासुद्धा घेता येत नव्हतं, तक्रार करा. २४० हप्त्यांचा गुणाकार केला तर ६२ लाख ४८ हजार होतात, म्हणजे दुपटीच्या वर जातातच. शेजारच्या ताई म्हणतात सगळ्यांचं असंच असतं, पहिली दहा वर्षं बँक फक्त व्याज कापून घेते. मला समजून घ्यायचंय की एका हप्त्यातलं किती व्याजात आणि किती मुद्दलात हे ठरवतं कोण? बँक मनाने ठरवते का? आणि दिवाळीला भिशीचे १ लाख हातात येतायत, ते लोनमधे भरावेत का एफडी करावी?

सिन्नर_फाटा:
शेजारच्या ताई बरोबर बोलल्या. बँक आधी आपलं व्याज वसूल करून घेते, मुद्दलाला मग हात लावते. उद्या तुम्ही दहाव्या वर्षी लोन बंद केलं तरी त्यांचं व्याज आधीच खिशात गेलेलं असतं. माझं पण असंच झालं, काही करता येत नाही, भरत राहायचं.

निवृत्त_शाखाधिकारी:
सिन्नर फाटा, तुमचा राग समजतो पण हे बरोबर नाही, आणि असं सांगितलं की माणूस हातपाय गाळून बसतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी ३१ वर्षं बँकेत होतो, त्यातली बरीच कर्ज विभागात.

ताई, पुढच्या वर्षांचं व्याज आधी कापून घेतलं जात नाही. त्या त्या महिन्यात जेवढी रक्कम तुमच्याकडे बाकी आहे तेवढ्यावरच त्या महिन्याचं व्याज लागतं, एक रुपया जास्त नाही. हप्त्यातून आधी ते व्याज वळतं होतं आणि उरेल ते मुद्दलात जातं, नियम एवढाच. तुमच्याच आकड्यांवर बघा. पहिल्या महिन्यात बाकी ३०,००,०००. वर्षाला ८.५ टक्के म्हणजे २,५५,०००, भागिले १२, झाले २१,२५०. तुम्ही भरले २६,०३५, उरले ४,७८५, ते मुद्दलात. दुसऱ्या महिन्यात बाकी झाली २९,९५,२१५, त्यावर व्याज २१,२१६, मुद्दलात गेले ४,८१९. म्हणजे फक्त ३४ रुपयांचा फरक. पण हा फरक दर महिन्याला थोडा थोडा वाढत जातो. तुमचा आता येणारा ३७ वा हप्ता बघा, त्यात व्याज १९,८६६ च्या आसपास असेल आणि मुद्दल ६,१६९. (रेट मधे हलला असेल तर तुमच्या स्टेटमेंटमधे आकडे थोडे इकडेतिकडे दिसतील.)

कागद-पेन्सिल घेऊन पुढचं काढलंत तर कळेल की मुद्दलाचा हिस्सा व्याजापेक्षा मोठा व्हायला १४३ वा हप्ता उजाडतो, म्हणजे बारावं वर्ष संपत आलेलं असतं. निम्मं मुद्दल, १५ लाख, फिटायला १६६ हप्ते लागतात, जवळजवळ १४ वर्षं. आणि अगदी शेवटच्या हप्त्यात व्याज असतं जेमतेम १८३ रुपये. हे ऐकून पुन्हा झोप उडवून घेऊ नका. हप्ता २० वर्षं सारखाच राहावा ही अट आपण घातली की गणित असंच येतं, दुसरं काही येऊच शकत नाही.

दुसरा प्रकार करता येतो, दर महिन्याला मुद्दल सारखं भरायचं, १२,५००, आणि वर त्या महिन्याचं व्याज. एकूण व्याज ३२ लाख ४८ हजारांच्या ऐवजी २५ लाख ६० हजार पडेल. पण पहिला हप्ता येईल ३३,७५०. नवीन घर, पडदे, फर्निचर, सोसायटीचा मेंटेनन्स हे सगळं चालू असताना नोकरदार माणूस तो कुठून भरणार? म्हणून आपल्याकडे घरकर्जाला ईएमआयचीच पद्धत रुळली.

तुमच्या सासरेबुवांना माझा नमस्कार सांगा. दामदुपट हा शब्द आजकाल कुणाच्या तोंडी ऐकायला मिळत नाही. आपल्या मुंबई इलाख्यात हा नियम खरोखर चालायचा. पण त्याचा अर्थ असा होता की सावकार एका वेळी थकलेलं व्याज मागायला आला तर ते व्याज शिल्लक मुद्दलापेक्षा जास्त मागता यायचं नाही. वेळच्या वेळी भरलेल्या व्याजाची २० वर्षांची बेरीज मुद्दलाच्या वर गेली तर त्याला तो नियम लागत नव्हता. तुमच्याकडे व्याज थकलेलंच नाहीये, दर महिन्याचं दर महिन्याला फिटतंय, त्यामुळे दामदुपटीवरून तक्रार टिकणार नाही.

आणि आधी व्याज मग मुद्दल हा क्रमही आताच्या बँकांनी काढलेला नाही. १९६९ मधे सर्वोच्च न्यायालयाने मेघराज विरुद्ध बयाबाई या गहाणाच्या खटल्यात हेच सांगितलंय की वेगळा करार नसेल तर आलेली रक्कम आधी व्याजात आणि मग मुद्दलात जमा धरायची.

खरी अडवणूक पूर्वी होती, वार्षिक पद्धतीत. ९० च्या दशकात अनेक घरकर्जांना वर्षाअखेरच्या हिशोबाने व्याज लागायचं, म्हणजे तुम्ही एप्रिलपासून दर महिन्याला मुद्दल फेडताय पण ते खात्यात उतरवलं जायचं वर्ष संपल्यावर, तोपर्यंत फेडलेल्या पैशांवरही व्याज चालूच. आता महिन्याच्या किंवा रोजच्या शिलकीवर व्याज निघतं. तुमच्या सँक्शन लेटरवर 'मंथली रिड्यूसिंग' किंवा 'डेली रिड्यूसिंग' लिहिलेलं असेल, ते एकदा बघून घ्या.

गोदाकाठी:
काका, इतकं बैजवार सांगितलंत, मनापासून धन्यवाद. मी आत्ता वहीत पहिल्या सहा महिन्यांचा हिशोब करून बघितला, स्टेटमेंटशी जुळला. सासऱ्यांनाही वाचून दाखवलं, ते म्हणाले थकलेल्या व्याजाचं बरोबर आहे, त्यांच्या वडिलांच्या वेळी शेतीच्या गहाणाचं तसंच प्रकरण होतं. आता १ लाखाचं सांगा ना.

चिंचवडचा_प्रसाद:
काकांचं उत्तर येईपर्यंत मी माझा अनुभव लिहितो, कारण ताई तुम्ही लिहिलंय की रेट मधे वर-खाली झाला आणि ईएमआय मात्र तोच आहे, तिथे मला जरा काळजी वाटली.

मी मार्च २०२१ मधे ४० लाख घेतले, २५ वर्षं, रेपो लिंक्ड (म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्या रेपो दराला जोडलेलं), ६.७ टक्के. ईएमआय २७,५१०. त्या वेळी रेट इतका खाली होता की सगळे म्हणत होते घ्या घ्या. मग मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो ४ टक्क्यांवरून वाढवायला सुरुवात केली ती फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५ वर नेला. माझा ईएमआय मात्र एक रुपयाने वाढला नाही आणि मला वाटलं आपण वाचलो!! ऑगस्टच्या वाढीनंतर माझा रेट ८.१ झाला, तेव्हा बाकी होती साधारण ३९ लाख, म्हणजे महिन्याचं व्याज २६,३२५ आणि २७,५१० च्या हप्त्यातून मुद्दलात जायला उरले ११८५ रुपये. सप्टेंबरअखेर अजून अर्धा टक्का वाढला, ८.६, त्याचं व्याज २७,९५०. म्हणजे हप्ता भरूनही व्याजसुद्धा पूर्ण फिटत नाही आणि जे फिटलं नाही ते मुद्दलात वाढतंय. मी नियमित हप्ते भरत होतो आणि माझं कर्ज वाढत होतं. रेट पुढे ९.२ पर्यंत गेला तेव्हा व्याजच २९,९०० होत होतं. मला कुणी कळवलं नाही, ब्रँचमधे गेलो तेव्हा स्क्रीनवर उरलेली मुदत बघून मीच हादरलो, माझ्या रिटायरमेंटच्या कितीतरी पुढे. बँकेचं नाव लिहीत नाही, वाद मिटलाय. शेवटी ईएमआय वाढवून घेतला, पीएफमधून थोडे काढून भरले तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

या प्रकाराला निगेटिव्ह अमॉर्टायझेशन म्हणतात. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ ला परिपत्रक काढलं, त्यात हे होऊ देऊ नका असं बँकांना स्पष्ट सांगितलंय. रेट बदलला की ईएमआय किती होईल, मुदत किती होईल हे ग्राहकाला कळवायचं, आणि ईएमआय वाढवायचा का मुदत वाढवायची का दोन्ही थोडं थोडं का मधेच पैसे भरायचे, हे त्याला निवडू द्यायचं. शिवाय दर तिमाहीला एक स्टेटमेंट द्यायचं ज्यात आतापर्यंत किती मुद्दल आणि किती व्याज वसूल झालं, हप्ते किती उरले आणि वर्षाचा रेट किती हे सगळं असलं पाहिजे. ताई, ते स्टेटमेंट मागा आणि त्यात फक्त एक आकडा आधी बघा, उरलेले हप्ते. तुमचे २४० मधून ३६ गेले तर २०४ असायला हवेत. २३० वगैरे दिसले तर समजा मधल्या रेटवाढीत मुदत गपचूप वाढलीये. आणि २०२५ मधे रेपो बराच खाली आला, तुमचं लोन रेपोला जोडलेलं असेल तर तो फायदा तीन महिन्यांच्या आत पोचायला हवा, ते पण तपासा.

निवृत्त_शाखाधिकारी:
प्रसादने फार महत्त्वाचं लिहिलंय, सगळ्यांनी वाचा. आमच्या वेळी तरुण मुलं यायची, ईएमआय वाढला नाही म्हणून खूश असायची. ईएमआय स्थिर आहे म्हणजे कर्ज स्थिर आहे असं नाही हे मी प्रत्येकाला बसवून सांगायचो.

आता १ लाखाबद्दल. फ्लोटिंग रेटच्या वैयक्तिक घरकर्जावर वेळेआधी पैसे भरायला बँक दंड लावू शकत नाही, रिझर्व्ह बँकेने हा दंड २०१२ मधेच बंद केला, त्यामुळे ती भीती काढून टाका. आपण भरलेली रक्कम सरळ मुद्दलातून वजा होते. बाकी २८,०४,५८० ची २७,०४,५८० झाली. मग बँक विचारेल ईएमआय कमी करायचा का मुदत. (बऱ्याचदा विचारतही नाहीत, आपणच सांगायचं.)

ईएमआय कमी केलात तर तो ९२८ रुपयांनी उतरेल. उरलेल्या २०४ महिन्यांत मिळून व्याज वाचेल साधारण ८९ हजार. ईएमआय तोच ठेवून मुदत कमी केलीत तर १५ हप्ते जातील आणि व्याज वाचेल ३ लाखांच्या आसपास. तेच १ लाख, तीच बँक. फरक का पडतो तर दुसऱ्या प्रकारात दर महिन्याला वाचलेलं ७०८ रुपये व्याज पुन्हा मुद्दलातच जातं आणि तिथून पुढे त्याचंही व्याज वाचत राहतं. चक्रवाढ तुमच्या बाजूने काम करायला लागते. म्हणून म्हणतो की सुरुवातीच्या वर्षांत भरलेल्या पैशाला जे बळ आहे ते पंधराव्या वर्षी भरलेल्याला नाही. दर वर्षी एक हप्ता जास्त भरायची सवय पहिल्यापासून लावली तर २० वर्षांचं कर्ज साडेसोळा-पावणेसतरा वर्षांत संपतं.

पण ताई, सगळा पैसा लोनमधे ओतू नका. चार-पाच हप्ते भरता येतील एवढी रक्कम बाजूला असेल तरच भिशीचे भरा. नोकरी, आजारपण काही सांगून येत नाही आणि लोनमधे भरलेला पैसा परत मागता येत नाही. एफडीचं म्हणाल तर तिचं व्याज ८.५ च्या खाली आणि त्यावर पुन्हा टॅक्स.

टॅक्सवाला_मित्र:
एक मुद्दा, होम लोनचं व्याज असलं की टॅक्स वाचतो, मग मधे कशाला भरायचं? माझे सीए तर सांगतात की लोन चालू ठेवा.

अंधेरी_फास्ट:
मित्रा, त्यांचा हिशोब लावून बघ ना. राहत्या घराला जुन्या रिजीममधे व्याजाची वजावट वर्षाला २ लाखांपर्यंतच आहे, नवीन रिजीममधे राहत्या घराला ती नाहीच. ताईंचं चौथ्या वर्षाचं व्याज साधारण २ लाख ३५ हजार होतंय, त्यातले वरचे ३५ हजार तसेही टॅक्समधे कामाला येत नाहीत. १ लाख भरले तर वर्षाचं व्याज साडेआठ-नऊ हजारांनी कमी होईल, तरी २ लाखांच्या वरच राहील. म्हणजे त्या वर्षी टॅक्सचा एक रुपयाही जात नाही. आणि वजावट म्हणजे पूर्ण पैसे परत नाही मिळत, १०० रुपये व्याज भरून स्लॅबप्रमाणे २० किंवा ३० रुपये वाचतात, बाकीचे गेलेच की.

ताई, पण खरं सांगायचं होतं ते वेगळंच. मी गेल्या वर्षी ५० हजार ॲपमधून लोन अकाउंटला ट्रान्स्फर केले आणि निवांत राहिलो. चार महिन्यांनी बघतो तर मुद्दल होतं तिथेच! त्यांनी ते ॲडव्हान्स ईएमआय म्हणून बाजूला ठेवले होते, पुढच्या हप्त्यांना वळते करायला. म्हणजे पैसे बँकेकडे आणि पूर्ण मुद्दलावर व्याज माझ्याकडून. तीन चकरा मारल्या, मेल केले, तेव्हा मागच्या तारखेने दुरुस्त करून दिलं. त्यामुळे नुसते ट्रान्स्फर करू नका, 'पार्ट प्रीपेमेंट' हाच पर्याय निवडा, नसेल तर ब्रँचमधे अर्ज द्या, त्यावर 'मुद्दलात जमा करावे, ईएमआय तोच ठेवून मुदत कमी करावी' असं लिहा, पोच घ्या आणि आठ दिवसांनी नवीन शेड्यूल मागा.

जर्सी_सिटी_कोल्हापूर:
अंधेरी, सेम हिअर. अमेरिकेत माझं ३० वर्षांचं फिक्स्ड आहे, ३ लाख डॉलर, ६.५ टक्के. पहिल्या हप्त्यात १८९६ पैकी १६२५ व्याज आणि २७१ मुद्दल, म्हणजे ताई तुमच्यापेक्षा वाईट अवस्था, मुदत जेवढी लांब तेवढा मुद्दलाचा हिस्सा बारीक. इथेही जादा पैसे पाठवताना 'अप्लाय टू प्रिन्सिपल' अशी खूण करावी लागते नाहीतर ते पुढच्या हप्त्याला धरू शकतात.

सिन्नर_फाटा:
काका, मी वर जे लिहिलं ते मागे घेतो, मी हिशोब कधी करूनच बघितला नव्हता. एक विचारू का, आमच्या गावच्या पतसंस्थेतून भाऊ ५ लाख घेतोय, ५ वर्षं, ८ टक्के फ्लॅट. होम लोनपेक्षा स्वस्त म्हणतोय. घेऊ दे का?

निवृत्त_शाखाधिकारी:
मागे घ्यायचं काही नाही हो, विचारलंत हे बरं केलंत. भावाला आधी थांबवा. फ्लॅट म्हणजे पाचही वर्षं पूर्ण ५ लाखांवर व्याज, फेडलेलं मुद्दल वजाच होत नाही. वर्षाला ४० हजार, पाच वर्षांचे २ लाख, ७ लाख भागिले ६० म्हणजे हप्ता ११,६६७. हाच हप्ता घटत्या शिलकीने मोजला तर दर १४ टक्क्यांच्या आसपास पडतो. त्यांना घटत्या शिलकीवर दर विचारा आणि मगच सही करू दे.

गोदाकाठी:
सगळ्यांची खूप आभारी आहे, किती जीव लावून लिहिलंत. आज दुपारी ब्रँचमधे जाऊन आले. प्रसाददादा, तुम्ही सांगितलं म्हणून उरलेले हप्ते विचारले, २११ निघाले. म्हणजे ७ हप्ते वाढलेत आणि आम्हाला पत्ताच नाही, मेल आला होता म्हणे, मिस्टरांच्या जुन्या आयडीवर. आता माझा नंबर आणि मेल दोन्ही टाकून आले. भिशीतले ७० हजार भरायचे ठरवलंय, ३० हजार बाजूला ठेवतोय. अर्ज अंधेरीदादांनी सांगितला तसाच लिहून ठेवलाय. काका, एकच शेवटचं, हप्ता ५ तारखेला जातो, तर पैसे ५ च्या आधी भरू का नंतर?

निवृत्त_शाखाधिकारी:
रोजच्या शिलकीवर व्याज असेल तर हातात आले की त्याच दिवशी, तारीख बघू नका. महिन्याच्या शिलकीवर असेल तर बँक कुठल्या दिवशीची बाकी धरते ते विचारा आणि त्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरा. एक दिवस चुकला तर पूर्ण महिन्याचं व्याज जातं, तुमच्या ७० हजारांवर ते ४९६ रुपये होतं.